पिल्लाच्या खुब्याचे दुखणे वेळीच कसे ओळखावे

लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर किंवा रॉटवायलर अशा मोठ्या जातीचे पिल्लू घरी आणले असेल, तर ते चार महिन्यांचे झाल्यापासून वर्षाचे होईपर्यंत त्याच्या मागच्या पायांवर मुद्दाम नजर ठेवावी. या जातींत हिप डिस्प्लेसिया हा खुब्याच्या सांध्याचा विकार बऱ्याच प्रमाणात आढळतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत घट्ट बसायला हवा. या विकारात तो सैल राहतो, पावलागणिक थोडा सरकतो, खोबणी उथळ होत जाते आणि कूर्चा झिजून पुढे संधिवात जडतो. पिल्लू जन्मते तेव्हा सांधा बहुधा ठीकच असतो. बिघाड वाढीच्या महिन्यांत होतो, म्हणून तो त्याच महिन्यांत ओळखणे शक्य असते.

दुखले की पिल्लू केकाटेल, हा समज आधी मनातून काढून टाकावा. ते बहुधा गप्प राहते आणि अंगाचा भार हळूहळू पुढच्या पायांवर घेते. घरातली माणसे मात्र "आळशी आहे", "लाडावलंय" असे म्हणत राहतात आणि त्यात मोलाचे महिने निघून जातात.

सर्वांत जास्त माहिती मिळते ती पिल्लू झोपेतून उठते त्या क्षणी. खुबा दुखत असेल तर ते पुढच्या पायांच्या जोरावर अंग वर ओढते, मागचा भाग क्षणभर जमिनीवरच राहतो, मग मागचे पाय एकापाठोपाठ एक सावरले जातात आणि पहिली काही पावले आखडलेली पडतात. थोडे हिंडल्यावर चाल मोकळी होते आणि आपण निश्चिंत होतो. ही मोकळी झालेली चाल पाहून समाधान मानू नये; सकाळी किंवा भरपूर खेळून झोपल्यानंतर हा ताठरपणा पुन्हापुन्हा दिसत असेल, तर तीच महत्त्वाची खूण आहे.

त्यानंतर चाल तपासावी. आपल्याकडच्या फ्लॅटमधील गुळगुळीत टाइल्सवर निरोगी पिल्लाचेही पाय घसरतात, त्यामुळे घरात पाहून काही ठरवू नये. सोसायटीच्या आवारात मातीची किंवा पेव्हर ब्लॉकची सरळ जागा निवडावी, घरातील कोणाला तरी पट्टा धरून पिल्लाला आधी सावकाश आणि मग दुडक्या चालीने न्यायला सांगावे, आणि आपण मागे खाली बसून पिल्लाच्या कमरेच्या पातळीवरून पाहावे. कंबर दोन्ही बाजूंना जास्त डोलते का, मागची पावले एकमेकांच्या फार जवळ पडतात का, पाऊल आखूड पडते का, हे तिथून स्पष्ट दिसते. धावताना किंवा जिना चढताना दोन्ही मागचे पाय जोडून सशासारख्या उड्या मारणे ही या विकाराची ठळक खूण आहे. खेळाच्या भरात अशी एखादी उडी कोणतेही पिल्लू मारते. नेहमीची धावच तशी होत असेल, तर मात्र काळजी करावी. एका कुल्ल्यावर रेलून बसणे लहान पिल्लांत सर्रास दिसते, तेव्हा त्या एकाच गोष्टीवरून घाबरून जाऊ नये.

हाताने तपासायचे ते एवढेच: पिल्लू उभे असताना दोन्ही मांड्या एकाच वेळी तळव्यांत धराव्यात आणि एक बाजू रोडावली आहे का, किंवा खांदे भरदार असून मांड्या बारीक वाटतात का, ते पाहावे. पाय मागे ताणून पाहण्याचा प्रयोग घरी करू नये. कालपर्यंत सोफ्यावर किंवा गाडीत सहज उडी मारणारे पिल्लू आज समोर उभे राहून नुसते पाहत असेल, किंवा हनुमान टेकडीची नेहमीची चढण अर्ध्यावर सोडून बसत असेल, तर तेही लिहून ठेवावे.

प्रत्येक लंगडणे खुब्याचे नसते. एकाच पायाने अचानक लंगडू लागले तर आधी पंजा पाहावा. पावसाळ्यानंतर टेकडीवरच्या गवताची कुसळे बोटांच्या बेचक्यात रुततात. दुखणे आज या पायात, पुढच्या आठवड्यात त्या पायात असे फिरत असेल, तर वाढत्या वयातील हाडांचा वेगळा विकार असू शकतो. ताप, अन्नावरची वासना जाणे आणि सुजलेले सांधे असतील, तर गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्यावे. पग, पॉमेरेनियन अशा लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकल्यामुळे पिल्लू चार पावले एक पाय उचलून चालते आणि लगेच नीट चालू लागते.

डॉक्टरांकडे नेण्यापूर्वी मोबाइलवर उठतानाचे, चालतानाचे आणि जिन्यावरचे छोटे व्हिडिओ काढून ठेवावेत, कारण दवाखान्यातील अनोळखी वासांनी आणि माणसांनी बावरलेले पिल्लू बहुतेक वेळा लंगडतच नाही. एक्स-रेसाठी भूल किंवा गुंगी द्यावी लागते, तिला घाबरून नकार देऊ नये. स्नायू सैल पडल्याशिवाय पाय नीट सरळ होत नाहीत आणि सांध्याचा सैलपणाही हाताला कळत नाही. या विकारावरील एक शस्त्रक्रिया साधारण पाच महिन्यांच्या आतच उपयोगी ठरते, तर हाडाची दिशा बदलणारी दुसरी शस्त्रक्रिया संधिवात सुरू होण्यापूर्वी, म्हणजे बहुधा दहा महिन्यांच्या आत करावी लागते. "थोडा मोठा होऊ दे, मग बघू" हा सल्ला म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. अर्थात सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. वजन, व्यायाम आणि औषधे सांभाळून अनेक कुत्री चांगले आयुष्य जगतात.

तपासणी होईपर्यंत माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. पिल्लांसाठीचे संतुलित खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचे सिरप पाजण्याची आपल्याकडची सवयही सोडावी, कारण जादा कॅल्शियममुळे मोठ्या जातींच्या हाडांची वाढ बिघडते. वजन आटोक्यात ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. अमेरिकेत 48 लॅब्रडॉरवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात 25 टक्के कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांत खुब्याचा संधिवात कमी आणि उशिरा दिसला, आणि ती सुमारे दोन वर्षे जास्त जगली. बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या हाताला लागाव्यात, इतकीच चरबी अंगावर असावी. पिल्लाच्या वावराच्या जागी न सरकणाऱ्या मॅट घालाव्यात, मातीवर मोकळे फिरू द्यावे, आणि स्कूटरला बांधून पळवणे किंवा सहा महिन्यांच्या पिल्लाला सिंहगड चढायला लावणे टाळावे.

वर्षाच्या सुमारास सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन दुखणे काही काळ कमी होते आणि पिल्लू बरे झाल्यासारखे वाटते. खोबणीचा आकार सुधारलेला नसतो, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तपासणी चुकवू नये. निदान पक्के झाले तर त्या कुत्र्याची पैदास करू नये, आणि ज्यांच्याकडून पिल्लू आणले त्यांना कळवून त्याच वेताची बाकीची पिल्ले ज्या घरांत गेली आहेत तिथेही निरोप पोहोचवावा, म्हणजे त्यांचेही एक्स-रे वेळेत काढता येतील.