जुन्या फोटोतले सैनिक पणजोबा कोणत्या पलटणीतले?

घरातला फोटो लष्करी वेशातला असेल, तर आधी चेहरा नाही, खांदा बघा. फोटो फ्रेममधून अलगद काढून जास्त रिझोल्युशनवर स्कॅन करा आणि खांद्यावरची धातूची अक्षरं मोठी करून वाचा. त्यांत पलटणीचं नाव किंवा क्रमांक असतो. ११०वी मराठा पलटण दिसली तर फोटो बहुधा १९२२ पूर्वीचा, कारण त्या वर्षीच्या पुनर्रचनेत ते जुने क्रमांक गेले. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये, बेळगावला. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

मग बाही. एक फीत लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार.

पदकं सैनिकाच्या डाव्या छातीवर हवीत, म्हणजे फोटो बघताना आपल्या उजव्या हाताला. त्याच्या उजव्या छातीवर दिसली तर प्रिंट उलटी निघाली असेल, किंवा वडिलांची पदकं मुलानं लावली असतील. रिबनच्या रंगांवर मात्र भिस्त ठेवू नका. जुन्या फिल्मवर पिवळा काळपट आणि निळा फिका येतो. पदक घरात असेल तर सोनंच! पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. कृपा करून ते चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात.

महायुद्धात कामी आले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या, महायुद्धांतल्या मृत सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव मोफत शोधता येतं. स्पेलिंग मात्र तीन-चार तऱ्हांनी टाकून बघा.