एटीव्हीचा काटा उतारावर खोटं बोलतो

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या चढउताराच्या शेतात एटीव्ही (जाड टायरची, कच्च्या रस्त्यावर चालणारी चारचाकी) चालवणाऱ्यांनी पेट्रोलच्या काट्यावर विसंबू नये. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, काटा त्याच्यावर हलतो. गाडी तिरकी झाली की पेट्रोल एका कडेला जातं आणि काटा भलतंच दाखवतो. म्हणून गाडी सपाट जागी उभी करा, चावी चालू ठेवून मिनिटभर थांबा, मगच बघा.

खरा हिशेब टाकी भरूनच कळतो. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, नेहमीच्या कामावर फिरवा आणि पुन्हा काठापर्यंत भरा. ६० किलोमीटरला ४ लिटर लागले, तर सरासरी लिटरला १५ किलोमीटर. मात्र उन्हाळ्यातला हा आकडा पावसाळ्यात धरू नका! खानापूरच्या चिखलात, लो गिअरमध्ये, मागे ट्रॉली असेल तर सरासरी खूपच पडते. दोन्ही हंगामांत वेगळं मोजा.

मी टाकीचे तीन भाग धरतो: एक जायला, एक यायला, एक राखीव. फ्युएल इंजेक्शनच्या (पंपाच्या दाबाने इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत तर राखीवला हात लावूच नका. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, कोरडा फिरला की खराब होतो.