देवाने नेमलेल्या कामावर लोक शंका घेतात तेव्हा

देवाने आपल्याला एखादे काम नेमून दिले आहे अशी खात्री पटल्यावर ते काम सर्वप्रथम एका साध्या वाक्यात लिहून काढावे. कोणासाठी आणि काय करायचे, एवढेच त्या वाक्यात असावे. संस्थेचे नाव, जागा, पद किंवा मान यांना तेथे थारा देऊ नये. पुढे शंका घेणारे भेटतात तेव्हा त्यांचा आक्षेप मूळ पाचारणावर आहे की आपण त्याला दिलेल्या रूपावर आहे, हे या वाक्यावरूनच ठरवता येते.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा सुरू केली, पुढच्याच वर्षी ती पुण्यास हलवली, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्यावर पुण्याजवळ केडगावला त्यांच्या मुक्ति मिशन या आश्रमाचा विस्तार झाला. गाव बदलले, नाव बदलले, आणि उच्चवर्णीय विधवांना डोळ्यांपुढे ठेवून आरंभलेले काम सर्व जातींच्या स्त्रियांपर्यंत गेले. निराधार स्त्रीला आसरा, शिक्षण आणि पोट भरण्याचे साधन द्यायचे, हे मात्र अखेरपर्यंत तसेच राहिले. रूप सोडायला तयार असलेल्या माणसालाच मूळ काम घट्ट धरता येते, असे मला त्यावरून ठामपणे वाटते.

शंका घेणाऱ्या सर्वांना एकाच रांगेत बसवू नये. 1893 साली शारदा सदनातील मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून मोठा वाद झाला. ‘केसरी’ने टीका केली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे बाहेर पडली. हे दोघे स्त्रीशिक्षणाचे विरोधक नव्हते. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या, आणि तो भरवसा टिकतो का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. रमाबाईंचे म्हणणे असे की त्या कोणावरही सक्ती करत नाहीत, परंतु स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचे दारही बंद करणार नाहीत. दोन्ही बाजूंत तथ्य होते, म्हणूनच हा प्रसंग शिकवणारा आहे. अशा वेळी आक्षेप आक्षेपकाच्याच शब्दांत लिहून घ्यावा, त्यातला खरा भाग कोणता ते प्रार्थनापूर्वक तपासावे, तो दुरुस्त करावा, आणि जे आपण कोणत्याही किमतीवर सोडणार नाही ते उघडपणे सांगून टाकावे. शक्य असेल तर हे सांगणे काम सुरू होतानाच करावे, कारण नंतर सांगितलेली अट ऐकणाऱ्याला लपवाछपवी वाटते. त्यामुळे काही माणसे सोडून गेली तर त्यांना जाऊ द्यावे व त्यांच्याविषयी कडू बोलू नये.

आपल्याच श्रद्धेच्या माणसांनी घेतलेली शंका सर्वांत जड जाते. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि लवकरच तिथल्याच ख्रिस्ती मठातील सिस्टर जेराल्डिन यांना त्यांची स्वतंत्र विचार करण्याची वृत्ती खटकू लागली. धर्ममतांबाबत रमाबाईंनी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली केली नाही, तरीही पत्रव्यवहार चालू ठेवला. वडीलधाऱ्यांशी मतभेद झाला असता हाच मार्ग धरावा: उत्तर द्यावे, आदराने द्यावे, पण केवळ नाते टिकवण्यासाठी न पटलेली गोष्ट पटल्याचे भासवू नये.

उत्तरे देण्यातच दिवस संपू नये यासाठी कामाचा रोजचा वाटा ठरवून घ्यावा आणि तो पुरा होईपर्यंत कोणत्याही वादाला हात घालू नये. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात अनेक वर्षे घालवली. हे सर्व आश्रमाचा मोठा व्याप सांभाळून चालले होते. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी काम थांबले नाही, आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले.

पैशाचा हिशेब प्रथमपासून खुला ठेवावा, आणि आपल्याला स्पष्टपणे ‘थांबा’ म्हणू शकेल असे एक तरी प्रौढ, प्रार्थनाशील माणूस जवळ असावे.

वर्षातून एकदा ते सुरुवातीचे वाक्य घेऊन, ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्याकडेच जावे. शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेली गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून तिने धोंडो केशव कर्वे यांच्या विधवांसाठीच्या कार्याला साथ दिली. अशा माणसांना विचारावे की या कामाने त्यांचे काय झाले, कोठे उणे पडले, काय बदलायला हवे. आणि टीकाकारांच्या उत्तरांआधी ही उत्तरे लिहून घ्यावीत.