भाच्याचा तापणारा गेमिंग लॅपटॉप आणि बोटीच्या इंजिनाचा मिस्त्री

१ जूनला मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. बोटी वर ओढल्या जातात आणि आम्हा इंजिनवाल्यांचा खरा हंगाम सुरू होतो. हेड उघडा, कूलर धुवा, पंप बघा. त्याच दिवसांत बहिणीचा मुलगा पिशवीत लॅपटॉप घालून मालवणजवळच्या सर्जेकोटला माझ्याकडे आला. "मामा, गेम लावलंय काय धा मिन्टांत अडाकता, मगे बंदच पडता." कुडाळात एका दुकानात मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं आणि नवीन लॅपटॉपाच्या निम्मा आकडा लावला होता.

मला लॅपटॉपातलं काही कळत नव्हतं. पण गरम होऊन बंद पडणारं यंत्र मी तीस वर्षं बघतोय. इंजिन तापलं म्हणून कोणी लगेच हेड खोलत नाही. आधी बोटीच्या कुशीतून पाणी बाहेर पडतं तिथे हात धरायचा. किती पडतंय आणि ते किती गरम आहे, त्यावरून निम्मं निदान होतं. लॅपटॉपात पाण्याच्या जागी वारा आहे, एवढाच फरक.

तर आधी मोजा. एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, त्यात फक्त सेन्सरची खिडकी उघडायची. नेहमीचा गेम वीस मिनिटं खेळा आणि चार आकडे कागदावर लिहा: सीपीयूचं (मुख्य चिपचं) तापमान, चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स चिपचं तापमान, सीपीयूचा वेग आणि खोलीचं तापमान. खोलीचं कोणी लिहीत नाही, पण तेच पहिलं लागतं. खोली पाच अंशांनी थंड असली की तेवढ्याच कामाला चिपही साधारण पाच अंशांनी थंड राहते. मे महिन्यात कौलांखालच्या माळ्यावर ३४ अंशांत घेतलेला आकडा आणि जानेवारीतल्या पहाटेचा आकडा शेजारी ठेवून भांडू नका.

गेमिंग लॅपटॉपाचा सीपीयू ८५-९० पर्यंत गेला तर घाबरायचं कारण नाही. ९५ ते १०० च्या आसपास मात्र तो स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो. गेम अडकतो तो त्यामुळे. तरीही ताप वाढलाच तर मशीन बंद होतं. भाच्याचा सीपीयू ९८ वर होता आणि वेग चार गिगाहर्ट्झवरून दोनच्या खाली आलेला. म्हणजे मदरबोर्ड गेला नव्हता, उलट शहाण्यासारखा वागत होता.

आता हात. गेम चालू असताना मागच्या किंवा बाजूच्या जाळीपासून चार बोटं अंतरावर तळवा धरा.

वारा जोरात आणि कडक गरम येतोय, तर आतली यंत्रणा ठीक आहे. काम जास्त होतंय किंवा खोली तापलीय. वारा गरम आहे पण दमेकऱ्याच्या श्वासासारखा येतोय, तर आत कचरा बसलाय किंवा पंखा मेलाय. आणि वारा जोरात आहे पण नुसता कोमट, आणि आत चिप मात्र ९७ दाखवतेय, तर उष्णता चिपवरून तांब्याच्या नळीत उतरतच नाहीये, म्हणजे त्या दोघांच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळली. आणखी एक खूण: गेम लावल्यावर दोन-तीन सेकंदांत ५० वरून ९५ वर उडी मारली तर संशय पेस्टवर, दहा मिनिटांत हळूहळू चढलं तर वाऱ्यावर.

भाच्याचं दुसऱ्या प्रकारातलं होतं. तरी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी फुकटातले उपाय केले.

पहिला, गोधडी. हा मुलगा पलंगावर गोधडीत लॅपटॉप रुतवून खेळतो. बहुतेक गेमिंग लॅपटॉप हवा खालून ओढतात, म्हणजे नाक दाबून धावण्यातला प्रकार. घरातला जेवायचा पाट घ्या, त्यावर ठेवा आणि लॅपटॉपाच्या मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन-दोन झाकणं ठेवून दोन सेंटिमीटर उचला. भाच्याचे एवढ्यानेच चार अंश उतरले. कूलिंग पॅडही मदत करतं, पण आधी झाकणं लावून बघा, झाकणांना पैसे पडत नाहीत.

दुसरा, फ्रेम, म्हणजे गेमची एकेक चित्रं. स्क्रीन १४४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारी आहे म्हणून ग्राफिक्स चिप मर मर मरून सेकंदाला १३० चित्रं काढत होती. ग्राफिक्स चिप एनव्हिडिया कंपनीची, तिच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' ६० केला, काम निम्म्यावर आलं. भाचा दोन दिवस तोंड पाडून होता, मग विसरला. तिसरा उपाय विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये: 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटतं, पण त्याने सीपीयूचा टर्बो, म्हणजे जादा वेगाची झेप, बंद पडतो आणि दहा-पंधरा अंश सहज खाली येतात. काही लॅपटॉपांत ही ओळ लपवलेली असते.

एवढं करून भागलं तर पुढचं वाचू नका. वॉरंटी चालू असेल तरीही नको, कंपनीकडे न्या. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा झाला असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल तर बॅटरी फुगलीय. तिला टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका.

उघडायचं असेल तर बंद करा, चार्जर काढा आणि स्क्रूंसाठी कागद घ्या. कागदावर लॅपटॉपाच्या पाठीचं चित्र काढा आणि निघेल तो स्क्रू त्या-त्या जागी टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते; लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो वरच्या बाजूला कुठेतरी डोकं काढतो. झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवा. आत गेल्यावर सगळ्यात पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर सुटा करणं. वायर धरून ओढायचा नाही, कडेला नख लावून सरकवायचा. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, उरलासुरला करंट जातो.

पंख्याला वरून ब्रश मारून लोक समाधानी होतात. घाण तिथे नसते. पंखा जिथे वारा ढकलतो आणि जिथे तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची बारीक पाती सुरू होतात, त्या दोघांच्या मधल्या फटीत कचऱ्याची घोंगडी विणलेली असते. बाहेरून फुंकून ती हलत नाही, आतच फिरते. पंख्याचे तीन-चार स्क्रू काढा, पंखा उचला, चिमट्याने घोंगडी ओढा. भाच्याच्या लॅपटॉपातून अख्खी पट्टी सुटून आली, बोटभर लांब, लाल. चिऱ्याची धूळ, चुलीचा धूर आणि खारी हवा. मीठ ओल धरतं, ओलीवर धूळ बसते, वाळली की सिमेंट. समुद्राच्या पाण्याच्या पाइपात बारीक कालवं धरतात तसंच. एका कोपऱ्यात मुंग्यांची अंडीही होती, त्यावरून बहिणीने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

वर्कशॉपचा कॉम्प्रेसर वापरू नका, माझा हात तिकडेच गेला होता. त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि पंखा त्याला झेपणार नाही इतका जोरात फिरतो. फुंकायचंच तर पातं बोटाने धरून, हातपंपाने. डिझेल, पेट्रोल, थिनर काहीही जवळ आणू नका. आमच्या धंद्यात सगळं डिझेलने धुतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पेस्टचं काम निदानात आलं असेल तरच. मात्र तीन वर्षं झाली असतील आणि आत गेलाच आहात, तर करून टाका. तांब्याच्या नळ्यांच्या पट्टीवर स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, प्रत्येकाला थोडं-थोडं. आवळताना सुलट्या. इंजिनाच्या हेडचे बोल्ट आवळतात तसंच, एक बाजू आधी दाबली तर दुसरी उचलते. इथे चिप उघडी असते, कोपऱ्याचा टवका उडाला तर संपलं.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट पूर्ण चिप झाकेल इतकी पातळ पसरा. चिपच्या आजूबाजूला मेमरीवर मऊ रबरासारखे पॅड असतात, ते फाटू देऊ नका. त्यांच्या जागी पेस्ट भरून चालत नाही, कारण ती फट जाड असते. लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावायचा पातळ धातू, तर अजिबात नको: ते ॲल्युमिनियम खातं आणि सांडलं तर बोर्ड शॉर्ट होतो. त्याऐवजी फेज-चेंज पॅड मिळतो. खोलीत घट्ट, ४५ अंशांच्या आसपास मऊ होतो आणि पेस्टसारखा कडेला ढकलला जात नाही. मी तोच लावला.

किनाऱ्यावरची एक गोष्ट निराळी. पावसाळ्यात एसीच्या खोलीत गार झालेला लॅपटॉप बाहेर पडवीत आणून लगेच चालू करू नका. थंड सोडाबाटलीला बाहेरून पाणी सुटतं तसं आत सुटतं. बॅगेतच अर्धा-पाऊण तास राहू द्या. तापला म्हणून फ्रिजमध्ये ठेवणाराही मला भेटलाय. आणि पाण्याचा कूलर लॅपटॉपावर सोडू नका, आपल्याकडे हवेत आधीच पुरेसं पाणी आहे. रोज वापरात असलेला लॅपटॉप पावसाळ्यात कपाटात पडलेल्यापेक्षा चांगला टिकतो, आतल्या उबेने ओल निघून जाते.

सगळं बसवल्यावर तोच गेम, तीच वीस मिनिटं, तोच कागद. ९८ चे ८१ झाले, खोली ३० अंश. वेग खाली पडला नाही. हे आकडे मी माझ्या इंजिनांच्या वहीत तारखेसह लिहून ठेवले, दोन बोटींच्या मधल्या पानावर. दिवाळीत तो परत येईल तेव्हा पाटावर ठेवून पुन्हा मोजायचं, आणि ८८ च्या वर गेला तरच पाठ उघडायची.