किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला: सायकली काढण्याआधीची यादी

पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरून माणगाव, हरिहरेश्वर, दाभोळ, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम करत तेरेखोलची खाडी ओलांडायची, हा प्रवास साधारण सहाशे किलोमीटरांचा आहे आणि पाच-सहा जणांच्या गटाने त्यासाठी सात दिवस धरावेत. रोज सव्वाशे किलोमीटर सहज मारू, असे मैदानी रस्त्यावरच्या अनुभवावरून ठरवणारे गट दुसऱ्याच दिवशी अंधारात सापडतात, कारण हा रस्ता प्रत्येक खाडीपाशी पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो. म्हणून दिवसाचे अंतर ठरवताना किलोमीटरांइतकेच चढाचे मीटर मोजावेत आणि गटातल्या सर्वांत सावकाश चालवणाऱ्याच्या वेगाने हिशेब करावा. हा हिशेब त्याच्यासमोर, त्याला विचारून झालेला बरा.

तारखांसाठी संक्रांतीनंतरचा आठवडा उत्तम, मात्र प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्ट्या येत असतील तर त्या टाळाव्यात. ऑक्टोबरचा उकाडा त्रासदायक असतो आणि नाताळात किनाऱ्यावर खोल्या मिळत नाहीत. जानेवारीत उजाडायला सात वाजतात आणि सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हाताशी अकरा तास असतात. त्यांतले दुपारचे दोन तास जेवणाला आणि सावलीला द्यावेच लागतात. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुधा वायव्येचा असतो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीला लागतो. गोव्याहून पुण्याकडे न येता पुण्याहून गोव्याकडे जावे, याचे हेही एक कारण आहे.

वाटेतल्या फेरीबोटी यादीत स्वतंत्र लिहाव्यात: बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड आणि शेवटी तेरेखोल ते केरी. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या फेरीची वेळ विचारून घ्यावी, कारण डोळ्यांदेखत सुटलेली बोट म्हणजे धक्क्यावर बसून काढलेला वेळ. मुक्कामासाठी घरगुती निवास शोधताना जेवणाबरोबरच सायकली पडवीत किंवा कुलूपबंद जागेत ठेवता येतील का, हेही फोनवरच विचारावे.

सरावाला बारा आठवडे द्यावेत. एका दिवशी दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करण्याची ब्रेव्हे अनेक जण परीक्षा म्हणून देतात, पण माझ्या मते या प्रवासासाठी शनिवारी ऐंशी आणि रविवारी पुन्हा ऐंशी किलोमीटर चालवणे जास्त उपयोगाचे आहे, कारण खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना लागते. पिरंगुटचा चढ आणि मुळशीचा रस्ता पुण्यातल्यांना हाताशीच आहे. शेवटच्या दोन सरावांना सामानाने भरलेल्या पिशव्या लावूनच जावे. पॅड असलेल्या सायकलिंगच्या चड्डीखाली अंतर्वस्त्र घालायचे नसते आणि जांघेत व्हॅसलीन लावायचे असते, या गोष्टी नवख्यांना संकोच न करता सांगाव्यात.

सायकलीची तपासणी निघण्याच्या दोन आठवडे आधी करावी, म्हणजे बदललेल्या भागांवर एखादी लांब चक्कर होते. ब्रेकच्या गुटक्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ताम्हिणीहून विळ्याकडे उतरताना ते सतत आवळले जातात. सर्वांत हलका गिअर असा असावा की पुढची आणि मागची चक्री जवळजवळ सारख्या दातांची होईल. सड्यावर चढताना उतरून ढकलण्यात कमीपणा काही नाही, पण रोज चार वेळा ढकलणे फार थकवते. प्रत्येकाने स्वतःच्या टायरच्या मापाच्या दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पुढचा-मागचा दिवा जवळ ठेवावा. हातपंप, पंक्चरचे सामान, चेन तोडायचे अवजार आणि चेनच्या जोडकड्या गटात वाटून घ्याव्यात व यादीत प्रत्येक वस्तूपुढे नाव लिहावे. ‘कोणीतरी आणेल’ असे ठरलेली वस्तू कोणीच आणत नाही.

व्हॉल्व्हचा मुद्दा मी अनुभवाने शिकलो. पहिल्या वेळी हेदवीच्या अलीकडे माझे मागचे चाक बसले, ट्यूब बदलली, पण आमचा एकुलता पंप दोन चढ पुढे गेलेल्या मित्राच्या पिशवीत होता. रस्त्यालगतच्या दुचाकींच्या गॅरेजमध्ये हवा होती, पण तिथली नळी मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हची आणि माझा प्रेस्टा, बारीक. बारीक व्हॉल्व्हला जाड नळी बसवून देणारी पितळेची नखाएवढी जोडणी त्या दिवशी जवळ असती तर तासभर वाचला असता. ती आता माझ्या व्हॉल्व्हवरच कायम फिरवलेली असते, आणि पंप कोणाकडेही असला तरी तो गटाच्या शेवटी चालणाऱ्यानेच बाळगायचा, असा आमचा नियम आहे.

खाण्यापिण्याचे नियोजन सोपे आहे. न्याहारीला पोहे किंवा घावणे कुठेही मिळतात. चालवताना मात्र भूक लागण्याची वाट न पाहता पाऊण-एक तासाने केळे, खजूर किंवा चिक्की खावी. क्षारांची पावडर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावी.

पैशांसाठी निघतानाच सर्वांनी सारखी रक्कम एकाकडे जमा करावी आणि थोडी रोख सोबत ठेवावी, कारण मोबाइलची रेंज काही खाड्यांपाशी जाते आणि मग फोनवरून पैसे देता येत नाहीत. कोणी आजारी पडल्यास त्याने जवळच्या गावातून गाडीने पुढच्या मुक्कामी यावे की सर्वांनी थांबावे, हे घरीच ठरवावे. घाटात दमलेल्या माणसांमध्ये ही चर्चा नीट होत नाही.

परतीची सोय अनेक जण विसरतात. थिवी किंवा मडगावहून रेल्वेने यायचे तर सायकल पार्सल कार्यालयात आधी पोहोचवावी लागते. खासगी बसने यायचे तर सामानाच्या कप्प्यात सहा सायकली मावतील का, हे तिकीट काढतानाच विचारावे. दोन्ही ठिकाणी पेडल काढावी लागू शकतात आणि डावे पेडल उलट्या आट्यांचे असते, ते नेहमीच्या दिशेने फिरवले तर आणखी घट्ट बसते. पंधरा नंबरचा पाना यादीत लिहावा आणि त्याच्यापुढेही नाव घालावे.