शॉर्ट सेलच्या घरावर ऑफर देण्याआधी विचारायचा प्रश्न
अमेरिकेत शॉर्ट सेलच्या घरावर, म्हणजे शिल्लक कर्जापेक्षा कमी रकमेत बँकेच्या संमतीने विकल्या जाणाऱ्या घरावर, चार-पाच ऑफर आल्या की आपला कागद नेमका कोठे पडून आहे हेच खरेदीदाराला कळत नाही. म्हणून ऑफर देण्याआधीच आपल्या एजंटकरवी विक्रेत्याच्या एजंटला लेखी विचारावे: विक्रेत्याने एखाद्या ऑफरवर सही केली आहे काय, आणि बँकेकडे तेवढीच जाणार की सगळ्या? एकच जाणार असेल, तर आपली ऑफर ‘बॅकअप’ म्हणून, म्हणजे पहिली फिसकटली तर तिच्या जागी येणारी म्हणून, विक्रेत्याकडून सहीनिशी स्वीकारून घ्यावी. बँकेच्या उत्तराला कित्येकदा महिने लागतात आणि कंटाळून पहिले गिऱ्हाईक निघून जाणे नेहमीचेच आहे. बयाण्याची रक्कम मात्र बँकेचे मंजुरीपत्र येईपर्यंत भरावी लागू नये, अशी अट करारात घालावी.