लॅपटॉपची तारीख रोज मागे जाते? पेचकस उचलण्याआधी फरक मोजा

पीक विम्याचं पोर्टल उघडायला बसावं, तर तारीख दिसते १ जानेवारी २०१०, आणि ब्राउझर म्हणतो घड्याळ मागे आहे. नेट ठीक असतं, पोर्टलही ठीक असतं. पोर्टलच्या सुरक्षा सर्टिफिकेटला मुदत असते, आणि २०१० मध्ये अडकलेल्या लॅपटॉपच्या हिशोबाने ते अजून निघालेलंच नसतं.

आधी लॅपटॉपची वेळ आणि खरी वेळ यातला फरक बघा. बरोबर साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ चालवणाऱ्या आतल्या सेलला दोष देऊ नका. टाइम झोन चुकलाय, नाहीतर एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. रात्रभर चार्जर काढून ठेवल्यावर तारीख थेट काही वर्षं मागे गेली, तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य बोर्डवरचा) ३ व्होल्टचा बटन सेल संपला. जुन्या लॅपटॉपची मोठी बॅटरी मेलेली असते. लाइन गेली की घड्याळाचा सगळा भार या सेलवर. त्यात आपल्याकडचा मे महिना. उष्णतेने सेल नुसता पडून असला तरी लवकर उतरतो.

उघडण्याआधी बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या) पानांचे मोबाइलवर फोटो काढा, डिस्कच्या मोडचा (एएचसीआय की दुसरा) तर नक्कीच. सेल काढल्यावर तो मोड बदलला तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं आणि लोक हार्डडिस्क गेली समजतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवरचं बटन १५-२० सेकंद दाबून ठेवा. स्क्रू कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या त्या जागी टोचा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला की थेट बोर्डात घुसतो. एखादा स्क्रू रबरी पायाखालीही लपलेला असतो. झाकण निघालंच आहे तर पंख्यातली कापसाची धूळही ब्रशने काढा, पंखा बोटाने धरून.

सेलवरचा नंबर वाचा. सीआर२०३२ म्हणजे २० मिमी रुंद, ३.२ मिमी जाड. दुकानदार सीआर२०२५ देईल, तो २.५ मिमीचा, खाचेत ढिला बसतो. सुरुवात एमएल किंवा व्हीएलने असेल तर तो चार्ज होणारा सेल आहे, तिथे सीआर कधीच बसवू नका. सेल वायरवाला असेल तर कनेक्टरसकट तयार घ्या आणि लाल वायर जुन्यासारखीच बसते का ते जुळवा, कारण काही कंपन्यांत ती उलटी असते. सेलवर थेट सोल्डरचा डाग मारू नका, फुटतो. काढलेला सेल लेकरांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका जळते.

नवा सेलही दुकानातच व्होल्ट मोजायच्या मीटरवर बघा: ३ व्होल्टच्या वर हवा. २.८च्या खाली दाखवला तर पडून राहिलेला माल आहे.

जोडल्यावर बायोसमध्ये तारीख आणि वेळ हाताने भरा, बाकी सेटिंग फोटोंप्रमाणे करा. फरक वर्षांचा असेल तर विंडोज नेटवरून वेळ घ्यायला नकार देतं, म्हणून हे आधी. मग एक रात्र चार्जर काढून ठेवा. सकाळी तारीख टिकली तर काम झालं. आठवड्याभरात पुन्हा गेली आणि सेल मीटरवर उतरलेला दिसला, तर बोर्डवर कुठेतरी करंट गळतोय; ओल लागलेल्या लॅपटॉपमध्ये हे होतं. मग नवे सेल घालत बसू नका, बोर्डचं काम करणाऱ्याकडेच द्या.